अण्णांच्या मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग

लग्नाचं शूटिंग करणारी निम्मी मंडळी कॅमेऱ्यावर सगळं सोपवून मोकळी होतात. मला ते जमत नाही. माझा कॅमेरा एका हातात मावणारा, पण व्यावसायिक कामाचा. पांढरा कागद धरून रंग ठरवायचा, हेडफोन लावून आवाज तपासायचा, अंतर टेपनं मोजायचं, हे मी कधीच चुकवलं नाही. लग्नघरचे वैतागतात. वैतागू देत.

पाणीटंचाईच्या त्या साली आम्ही पुंडलिकनगर सोडून पडेगावच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. समोर तीन इमारती अर्धवट, नळ कोरडे, पाणी टँकरचं. त्यातच अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशात गाठ निघाली. सोमवारी स्वरयंत्र काढणार होते. घरच्या प्रत्येक लग्नात मंगलाष्टकं म्हणायचा मान अण्णांचा. माझ्या मुलीचं, स्वरालीचं, लग्न मार्गशीर्षात होतं आणि तिला आजोबांचाच आवाज हवा होता. घरच्या लग्नात मी कधी कॅमेरा हातात धरला नाही, त्यामुळे तो आवाज कुठंच साठवलेला नव्हता. याची मला फार लाज वाटत होती.

रविवारी सकाळी अण्णा धुतलेलं धोतर नेसून खुर्चीत बसले. आवाज पार बसलेला.

"एकदाच म्हणेन, शंतनू," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जमायचं नाय."

खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, अण्णांच्या सदऱ्याला कॉलर माइक लावला. टेपनं मोजलं. बरोब्बर तीन मीटर.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोकसच्या अंतराचा आकडा आला, एक पूर्णांक चार.

म्हणजे कॅमेरा अण्णांच्या अलीकडंच काहीतरी पाहत होता. मध्ये तर नुसती फरशी होती. मी फोकस हातानं तीनवर आणला. आकडा आपोआप एकवर घसरला. चरफडत मी पुन्हा रिंग फिरवली आणि अण्णांना हातानं खूण केली.

सूर लागला. स्वच्छ, भरदार, वीस वर्षांपूर्वीसारखा. माझ्या अंगावर काटा आला. डोळे भरले, तरी मी पडद्यावरून नजर काढली नाही. तिथं अण्णांचा चेहरा म्हणजे एक पुसट ठिपका होता. कॉलर माइकच्या आवाजाची पट्टी जेमतेम हलत होती. कॅमेऱ्यावरच्या माइकची मात्र टोकाला जात होती. माइकची बॅटरी उतरली असेल, मी मनाशी म्हटलं. चित्र गेलं तर गेलं, आवाज मिळतोय.

आकडा शून्य पूर्णांक सहा. मग तीन.

'सावधान' झालं.

मी हेडफोन काढले. अण्णा माझ्या बाजूला कुठंतरी पाहत होते. बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि खोकल्याची उबळ आली. रुमालावर रक्त पडलं. हिमानी, माझी बायको, पाणी घेऊन धावली. दुपारीच त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं.

ऑपरेशननंतर नवव्या दिवशी अण्णा घरी आले. गळ्याला पट्टी, मांडीवर पाटी.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि लिहिलं, "हा मी नाही."

मी कॉलर माइकचा आवाज वेगळा करून लावला. त्यात अण्णांचा श्वास होता. संथ, एकसारखा. बाकी काही नाही.

अण्णांनी पाटी पुसली. "मी सुरूच केलं नाही. ते म्हणत होते. दुसऱ्याचं चालू असताना मंगलाष्टकात मध्ये तोंड घालत नाहीत. संपायची वाट पाहत होतो."

"कोण ते, अण्णा?"

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. पुन्हा पाटी पुसली, आणि सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं.

"जाताना तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, लग्नाला मीच येतो. तू बरं म्हणालास."