दुसरी रेघ

सकाळचे नऊ वाजले होते. चाचणी-मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड, शेडमध्ये एक लांब टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि निवून गेलेला चहा. थोरली बहीण खुर्चीत बसून पडद्यावर मघाच्या फेरीच्या नोंदींच्या रेघा वाचत होती. गुडघ्याखालचा उजवा पाय तिला तीन वर्षांपूर्वी सोडून गेला होता. त्याच्या जागी आलेला कृत्रिम पाय तिने काढून टेबलाला टेकवून ठेवला होता. उकाड्यात तो चावे.

गाड्यांना शिस्त लावणे हे तिचे काम. टर्बो बसवलेले इंजिन तापट माणसासारखे असते: हवा कोंबली जाताच पेट्रोलचा जादा घोट मिळाला नाही, तर ते आतल्या आत जळते, घोट मोठा झाला, तर त्याला ठसका लागतो. हा घोट किती आणि कोणत्या क्षणी द्यायचा, हे ती ठरवी. शिवाय हल्लीच्या गाड्यांत पेडलला तार नसते. पाय फक्त मागणी करतो. हवेची झडप किती उघडायची, ते संगणक ठरवतो.

गाडी धाकटी चालवी. बाराला निवड समितीपुढे तिची शेवटची धाव होती. याही वेळी गाडी अडखळली, तर शर्यतीच्या संघातली जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

"ताई, दुसऱ्या वळणातून निघताना मेली परत गुदमरली," हेल्मेट काढत धाकटी म्हणाली. "मी पाय पूर्ण दाबला होता गं. शपथ."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग तू पाणी पी. तोंड बघ किती लाल झालंय."

दिसत होते ते निराळेच होते. जादा पेट्रोल धाकटीचा पाय हलण्याच्या आधीच सुटत होते, जवळजवळ अर्धा सेकंद आधी. कुणी मागण्यापूर्वीच दिल्यासारखे. तिने दोन्ही नोंदींची घड्याळे तपासली. घड्याळे जुळत होती.

"पेडल बदललं, वायरिंग बदललं, संगणकसुद्धा नवा टाकला," गाडीखालून म्हातारा मिस्त्री म्हणाला. "दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय आपलं. पोरी, पुढच्या वर्षी बघू."

"पुढचं वर्ष नाही. आज, बाराच्या आत."

पेडलमध्ये सेन्सर दोन असतात. एकाच पायाची साक्ष दोघांनी द्यायची. साक्षी जुळल्या नाहीत, की संगणक बिचकून झडप मिटवतो. दुसऱ्या सेन्सरची रेघ ती पडद्यावर कधीच ठेवत नसे. पहिलीची नुसती सावली, उगाच गर्दी. आज तिने ती उघडली.

ती सावली नव्हती.

वळणाआधी पहिली रेघ कड्यावरून दगड सुटावा तशी कोसळत होती. धाकटी पाय झटक्यात काढी. दुसरी मात्र पायऱ्या उतरत होती: आधी अर्धी, मग एका श्वासाचा विसावा, मग उरलेली. पुढे ती लवकर आणि हळुवार चढत होती, आणि पेट्रोल तिच्यामागे जात होते.

त्या पायऱ्या तिच्या ओळखीच्या होत्या. मग तिने तीन वर्षांपूर्वीची एक फाइल शोधली आणि तिच्यातली रेघ हिच्यावर ठेवली. बारीक थरथरीसुद्धा जुळल्या.

तो तिचा उजवा पाय होता.

तिने स्वतःला तीन कारणे दिली आणि तिन्ही खोडली. तीन वर्षांपूर्वी ती स्वतः चालवत होती, त्या गाडीचा एक खिळाही या गाडीत नव्हता. ती गाडी याच दुसऱ्या वळणावर भिंतीत शिरली होती. चौकशीत एकच प्रश्न विचारला गेला होता: पाय का उचलला नाही? नोंदीत पेडल शेवटपर्यंत शंभर टक्के दाबलेले होते. 'उचलता येत नव्हता,' असे ती म्हणाली. कागदावर 'चालकाची चूक' असे लिहिले गेले. पुढे तिनेही वाद सोडला.

दुसरी साक्ष बंद करून टाकता आली असती. पण मग पहिला सेन्सर बिघडला तर झडप मिटवणारे कुणी उरले नसते, आणि तसल्या गाडीत ती धाकटीला बसवणार नव्हती.

अकरा वाजता गाडी शेडमध्ये उभी होती. इंजिन चालू, आत कुणी नाही. तिने नसलेल्या पायाची बोटे हळूच खाली दाबली.

इंजिन किंचित घोगरले. दुसरी रेघ बारा टक्क्यांवर आली.

"कोणी दाबलं रे?" मिस्त्रीने वळून विचारले.

"मी."

"तिथून? लांब तंगडीची आहेस हं," तो हसला. मग टेबलाला टेकलेल्या पायाकडे त्याचे लक्ष गेले आणि हसणे ओठांवरच राहिले.

तिने धाकटीला जवळ बोलावले. "वळणाआधी पाय दोनदा सोड. अर्धा, एक श्वास, मग पूर्ण. निघताना लवकर दाब, पण हळू."

"म्हणजे तुझ्यासारखी? तूच तर म्हणायचीस, माझ्यासारखी चालवशील तर तंगडी तोडीन."

"आज चालव."

बाराला गाडी सुटली. पडद्यावर दोन्ही रेघा धावू लागल्या. थोरलीने डोळे अर्धवट मिटले आणि खुर्चीखालच्या हवेत पाऊल टेकवले. तळव्याला पेडलचे रबर लागले.

पहिले वळण.

दुसरे. अर्धा. श्वास. पूर्ण.

आता दाब.

दोन रेघा एकमेकींवर बसल्या. मिश्रण हवे तिथे आले, झडप उघडी राहिली, आणि वळणापलीकडून इंजिनचा आवाज न फाटता, सलग, वर चढत गेला. मिस्त्रीने टेबलावर थाप मारली.

तिन्ही फेऱ्या तशाच गेल्या.

धाकटीने शेडसमोर इंजिन बंद केले आणि चावी तशीच ठेवून धावत आली. "ताई, खूश आहेत ते! अजून एक फेरी बघायचीय म्हणतात. लगेच. जाऊ?"

थोरली पडद्याकडे पाहत होती. नोंद अजून चालू होती. पहिली रेघ शून्यावर होती.

दुसरी शंभरावर.

अर्धा, ती मनात म्हणाली. श्वास घेतला.

पाय उचलला गेला नाही.

"ताई?"

"बसू नकोस गाडीत." तिचा आवाज अगदी शांत होता. "मिस्त्री, चावी काढा. बॅटरी तोडा."

"अगं, पण समिती..."

"तोडा."

पान्ह्याचा खणकन आवाज झाला. पडद्यावरच्या दोन्ही रेघा नाहीशा झाल्या.

नसलेल्या पावलावर मघापासून असलेला भार तसाच राहिला. अनवाणी, किंचित ओलसर. तिच्या बोटांवर ठेवलेली कुणाची तरी बोटे सावकाश जागा नीट करून घेत होती.