ऐकल्यापासून सुतक

कुंभकोणच्या शाळेच्या मैदानात शेवटची कुस्ती सुटली, मुलांनी तुळजाजी वस्तादांना खांद्यावर घेऊन फिरवले, कोणीतरी त्यांच्या हातात विडा दिला, तो त्यांनी तोंडात घातला, आणि तेव्हा त्यांचा मुलगा कल्याणराम जवळ येऊन म्हणाला, "अप्पा, विडा थुंका. आई पहाटेच गेली."

वस्तादांना आधी समजलेच नाही. मुलगा सकाळच्या गाडीने तंजावरहून आला तेव्हा त्यांनी विचारले होते, आईचा ताप कसा आहे, तो म्हणाला होता, "निजली आहे." कलेक्टर कचेरीतला कारकून, तालमीचे नावही न काढणारा, तो आपल्या कुस्त्या पाहायला आला, म्हणून ते दिवसभर सुखात होते! मुले त्याला भेटायला धावली तर तो मागे सरला, कोणाला शिवू दिले नाही, आणि फाटकापाशी उन्हात उभा राहिला. "कचेरीतल्या लोकांना माती चावते रे," असे म्हणून वस्ताद हसले होते. हसले होते...

परतीच्या गाडीत ते मुलाशी बोलले नाहीत. तंजावरात राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत लोक खोळंबून बसले होते. बायकोचा, अंबाबाईचा, चुलतभाऊ वेंकटेश सर्वांदेखत म्हणाला, आईचे प्रेत घरात ठेवून कुस्त्या बघायला जाणारा मुलगा मी जन्मात पाहिला नव्हता. कल्याणराम खाली मान घालून ऐकत राहिला.

तंजावरच्या हायस्कुलात कुस्तीचा हौदा खणला गेला तेव्हापासून तुळजाजी तिथे कुस्ती शिकवत. तमिळ मुले त्यांना वाद्यार म्हणत, गल्लीतली मराठी मुले वस्ताद. त्यांची रीत अशी, की मुलगा हौद्यात उतरण्यापूर्वी ते आपल्या हाताने त्याच्या कपाळाला माती लावत, आणि तो हात लागल्याशिवाय त्यांचा एकही मुलगा उतरत नसे. सुतक असलेल्याने मातीला शिवायचे नाही, हीही त्यांचीच रीत. त्यांचा भाऊ गेला त्या वर्षी ते बाहेर बसले, तर मुलेही बाहेर बसली, आणि शाळा न लढता हरली.

यंदाही कळते तर तेच झाले असते. पण म्हणून काय झाले? एवढ्या वर्षांच्या सोबतिणीजवळ शेवटचा दिवसभर बसायचा हक्क त्यांचा होता, आणि तो पोटच्या पोराने हिरावून घेतला... कल्याणरामने सगळी क्रिया केली. वस्ताद त्याच्याशी लागेल तेवढेही दुसऱ्याच्या तोंडून बोलले.

तेराव्याची पंगत उठल्यावर घरचीच माणसे जेवायला बसली, तेव्हा मात्र ते स्वतः बोलले. "उद्यापासून चूल वेगळी करा. बायको मेलेली असताना ज्यानं मला हसत ठेवलं, त्याच्या पंक्तीला मी बसायचा नाही."

"बरं, अप्पा," म्हणून कल्याणराम पानावरून उठू लागला.

त्याची बायको कनकलता वाढत होती. सासऱ्यांसमोर ती कधी तोंड उघडत नसे. तिने भाताचे भांडे खाली ठेवले.

"मामंजी, हे सांगायचे नाहीत. यांनी आत्याबाईंना शब्द दिलाय. मी नाही दिला."

मग तिने सांगितले. पहाटे अंबाबाईंना आपली वेळ आल्याचे कळून चुकले होते. मुलाला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, दूर असलेल्याला सुतक लागते ते ऐकल्यापासून. तोवर त्यांचा हात मातीला चालतो, मुलांच्या कुस्त्या होईपर्यंत त्यांच्या कानावर जाऊ देऊ नको. गल्लीतले कोणीतरी सांगत धावेल, म्हणून तूच जा आणि फाटकात उभा राहा.

"आणि म्हणाल्या, 'हे माझं सांगणं होतं ते त्यांना कळू देऊ नका. मग कुस्त्यांना गेलोच कशाला म्हणून ते स्वतःवर रागावतील, आणि तो राग जायचा नाही. पोरावरचा जाईल.'"

वस्तादांनी हातातला घास पानात ठेवला. ते उन्हातले फाटक, मुलांपासून मागे सरलेला तो, सुतकातला... त्यांनी विचारले, "त्या दिवशी तू काही खाल्लं होतंस काय रे?"

"नाही, अप्पा."

"पाणी?"

कल्याणरामने नुसती मान हलवली, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तो रडला.

"बस," वस्ताद म्हणाले. "कनके, त्याला वाढ."

चूल एकच राहिली. शाळा उघडली तेव्हा वस्ताद हौद्यात उतरले. तालमीत बायकांना मज्जाव, म्हणून अंबाबाईने जन्मात एक कुस्ती पाहिली नव्हती. पण परगावाहून आले की ते तिला एकेक कुस्ती सांगत, कोणी कोणता डाव टाकला, कोण कसा चीत झाला, आणि ती तांदूळ निवडता निवडता मध्येच विचारी, मग त्याने पट का नाही काढला? परवा कल्याणराम म्हणाला, अप्पा, मला सांगा. मी तिथेच होतो, पण माझे तोंड रस्त्याकडे होते. वस्ताद बरे म्हणाले. कुंभकोणच्या कुस्त्या अजून सांगायच्या राहिल्या आहेत.