होकार ज्याचा त्याचा

ह्यूऑन खोऱ्यात सफरचंदांना फुलोरा आला की मार्नीला होबार्टच्या इस्पितळातली ती थांबायची खोली आठवते. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, औषधांनी केस गेलेले, डोक्याला निळा रुमाल. शेजारी एक उंच माणूस येऊन बसला.

"तुमच्या बाहीला भुसा लागलाय," ती म्हणाली.

"ह्यूऑन पाइनच्या लाकडाचा आहे. वास घेऊन बघा." त्याने हात पुढे केला.

अनोळखी माणसाची बाही हुंगायची म्हणजे... पण तिने हुंगली. गोडसर, ओला वास. कितीतरी दिवसांनी नाकाला काहीतरी बरं भेटलं.

तो डेक्लन. नदीकाठी लाकडी होड्या बांधायचा. त्याच्या आतड्यातली गाठ काढली होती. आजार घराण्यातून आलाय का, हे रक्त तपासून बघायचं का, असं डॉक्टरांनी दोघांनाही विचारलं होतं. मार्नीची आई स्तनाच्या कॅन्सरनेच गेलेली.

"घाई नाही," समुपदेशक वेरा तिला आत म्हणाली. "उत्तर एकट्या तुझं नसेल, तुझ्या बहिणीचंही असेल. कधीकधी धड काही कळतही नाही. आणि नको म्हणालीस, तरी तुझे उपचार चालूच राहतील."

जोडी नावाची तिची बहीण तेव्हा गरोदर होती, आणि तिला यातलं काही ऐकायचं नव्हतं.

डेक्लनने तपासणीला आपला होकार देऊन टाकला होता. पुढच्या भेटीला तो मार्नीला धक्क्यावर तळलेली मासळी खायला घेऊन गेला. वाऱ्याने तिचा रुमाल उडाला. त्याने पळत जाऊन तो धरला, पण परत लगेच दिला नाही.

"बघतोस काय असा?"

"डोकं छान घडवलंय. होडीला असा बाक देताना माझा जीव जातो."

ती खळखळून हसली. मग हळूच म्हणाली, "तूच सांग ना... करू तपासणी?"

"नाही सांगणार."

"का?"

"मी कर म्हटलं, तर माझ्यासाठी करशील." तो पाण्याकडे बघत राहिला. "आणि तू मला आवडतेस — म्हणून तर मुळीच नाही सांगणार."

त्या रविवारी मार्नी जोडीकडे गेली. दोघी आईची आठवण काढून रडल्या.

"तुला हवं असेल तर कर गं," जोडी म्हणाली. "फक्त मी विचारेपर्यंत मला सांगू नकोस."

"कबूल."

मार्नीने रक्त दिलं. तेव्हा उत्तर यायला महिने लागायचे. तो सगळा हिवाळा तिने डेक्लनच्या शेडमध्ये जुन्या होड्यांचा रंग खरवडण्यात घालवला. केस परत आले, तेही कुरळे. तो मुद्दाम त्यातला भुसा वेचत बसायचा, नसलेलासुद्धा.

निकालाच्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता.

"आहे," ती म्हणाली. "आईकडूनच आलंय. दुसऱ्या बाजूचंही ऑपरेशन करून घेईन म्हणते. मूल होईल की नाही... तू नीट विचार कर, डेक."

"हिवाळाभर तेच केलं. माझ्या रक्तावरून तर डॉक्टरांना काहीच धड सांगता आलं नाही. असला माणूस चालेल तुला?"

ती त्याच्या बाहीत तोंड खुपसून उभी राहिली.

तीन वर्षांनी जोडीने आपणहून विचारलं. तिच्यातही ते निघालं, पण वेळेवर कळल्याने तिचं निभावलं. डेक्लनचा आजार मात्र उलटला. दोघांना एकत्र नऊ हिवाळे मिळाले. कुणी हा आकडा आधी सांगितला असता, तर मार्नीने एवढंच विचारलं असतं — मग लग्न याच आठवड्यात करायचं ना?