सात गाठींचा रिपोर्ट

"पेशंटचे कोण तुम्ही?" मान वर न करता मी विचारलं.

"भाऊ... लहान भाऊ. ओमप्रकाश."

मग मान वर केली, आणि तिथंच फसले. असे डोळे असलेल्या माणसाकडे कामाच्या वेळात पाहू नये.

एकोणऐंशीचा डिसेंबर. वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी तपासणीचे रिपोर्ट टाइप करायची. देवळीच्या कुण्या रूपरावचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. टाके काढून पेशंट घरी गेला, रिपोर्ट राहिला होता. असला रिपोर्ट पेशंटच्या हाती द्यायचा नाही, नातेवाइकालाच द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती.

ओमप्रकाश दर दोन दिवसांनी एसटीनं यायचा.

"नाई झाला अजून? बरं झालं. परवा पुन्हा येतो."

"रिपोर्टसाठी येता, की कशासाठी?"

"पहिल्या दिवशी तं रिपोर्टसाठीच आलतो..."

हसताना पोटाशी हात धरायचा. मला वाटायचं, लाजतोय बिचारा. मी वेणीत शेवंती माळायला लागले. आई म्हणाली, "नलू, दवाखान्यात जातेस की वरातीत?"

चौथ्या खेपेला रिपोर्ट तयार होता. इंग्रजी कागद त्यानं माझ्याकडेच सरकवला. "समजून सांगा ना."

ते काम डॉक्टरांचं. पण डॉक्टर राउंडला, आणि त्याला ताटकळत ठेवायला माझा जीव होईना.

"आतड्याजवळ मटराएवढ्या गाठी असतात. बारा तपासल्या, सातांत रोग पोचलाय. गाठी साफ असल्या तर पुष्कळ जण बरे होतात. पण एवढ्या गाठी म्हणजे... डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं काढली तरी खूप."

मीच शहाणपणा केला, "भावाला कळू देऊ नका. हसवत ठेवा."

"हो," म्हणत त्यानं रजिस्टरवर सही केली. सवयीनं झाली असावी. 'रूपराव'.

मी ती दोनदा वाचली.

"तुम्ही...?"

"घरी कोणी सांगेचना," तो हळू म्हणाला. "बाबा म्हणते, अल्सर होता, काढला. माय माझ्यासाठी पोरी पाहून राह्यली. मले समजाले पाह्यजे होतं ना."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यासाठी फुलं माळली, त्यालाच मी त्याचे दिवस मोजून दिले, वर उपदेशही केला. लोकांसमोरच रडू फुटलं.

"रडू नका. तुम्ही एकटीनंच खरं सांगितलं मले." मग तो पहिल्यांदाच 'तू'वर आला. "रिपोर्ट चांगला निघाला असता, तर तुले विचाराचं होतं... तुह्या घरी मागणी घालाले येऊ का म्हणून."

"मग विचारा ना. आत्ता विचारा."

"नाई."

"का?"

त्यानं कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली.

"तू हो म्हणशीन."