घरापर्यंतची दहा मिनिटं

हेरंब सकाळच्या विमानाने मुंबईला निघाला, तेव्हा अहल्याबाईंनी लेकाच्या तळहातावर दही ठेवलं आणि सुनेला बजावलं, तो पोचल्याचा फोन येईपर्यंत केरसुणीला हात लावायचा नाही. माणूस वाटेवर असताना केर काढला की त्याची परतीची वाट पुसली जाते, हा त्यांचा जुना धाक. प्रतिमाला हसू आलं. सासूबाईंच्या काळी गाडीला अर्धा दिवस लागे, तोवर घर पारोसं राही. आता बडोदे ते मुंबई हवेतून जेमतेम साडेतीनशे किलोमीटर, तासाभराचं काम! त्यात सोसायटीतल्या बायका भजनाला यायच्या होत्या. तास उलटला तसा सासूबाई पूजेत आहेत हे पाहून तिने भराभर केर काढला आणि कचऱ्याच्या टेम्पोत टाकूनही आली.

हेरंबचा फोन त्यानंतर आला. धावपट्टी मोकळी नव्हती म्हणून विमान मुंबईवर घिरट्या घालत राहिलं होतं, आत्ता कुठे उतरलं. म्हणजे प्रतिमाने केर काढला तेव्हा तो अजून वाटेवरच होता. पण माणूस सुखरूप पोचला होता, मग सांगायचं कशाला? तिने केरसुणी जागेवर ठेवली आणि भजनासाठी सतरंजी अंथरली.

संध्याकाळचं परतीचं विमान नेहमीसारखं त्यांच्या समा भागातल्या गच्च्यांवरून घरघरत गेलं. उतरलो, दहा मिनिटांत आलोच, हेरंबने कळवलं. तिने कुकर लावला. शिट्ट्या झाल्या, भात निवला, बाहेर अंधारून आलं, तरी फाटक वाजेना. मग पुन्हा फोन.

"प्रतिमा... मी आपल्या गल्लीत उभा आहे. जेसलबेनचं घर दिसतंय, त्यांच्या ओट्यावरचा हिंचका दिसतोय. शेजारी नुसतं बाभळीचं रान आहे... आपलं घर कुठाय?"

ती धावत फाटकाशी आली. शेजारी जेसलबेन हिंचक्यावर हलके झोके घेत शेंगा सोलत होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पण हिंचक्याच्या कड्यांची करकर एका कानाला समोरून येत होती आणि दुसऱ्या कानाला फोनमधून.

मागून अहल्याबाई आल्या. प्रतिमाचा चेहरा पाहून त्यांनी एवढंच विचारलं, सकाळी केर काढलास का. तिने होकाराची मान हलवली. म्हातारीने फाटक घट्ट धरलं आणि अंधारात लेकाला हाक मारली. पुन्हा मारली.

फोनवर हेरंबचा आवाज एकदम खाली आला.

"त्या रानातून कुणीतरी मला बोलावतंय... आईच्या आवाजात."

"आईच आहेत. ओ दे, हेरंब... ओ दे आणि आवाजाच्या रोखाने चालत ये."

"नाही गं. आईनेच शिकवलंय, तिन्हीसांजेला ओसाड जागेतून हाक आली तर ओ द्यायची नाही... मी विमानतळावर परत जातो. तिथून पुन्हा नीट वाट धरतो."

फोनमधून त्याच्या बुटांचा आवाज क्षीण होत विरला.

तो विमानातून उतरला होता, यापलीकडे पोलिसांनाही काही सापडलं नाही. त्या घरात आता केरसुणी फिरत नाही. फरशीवर बोटभर धूळ साचली आहे. संध्याकाळचं विमान गेलं की सासूसुना ओठ घट्ट मिटून फाटकाशी उभ्या राहतात. हाक मारायची सोय उरलेली नाही. फोन वाजतो. "उतरलो, दहा मिनिटांत आलोच." कालही वाजला. आणि थोड्या वेळाने जेसलबेनच्या ओट्यावरचा रिकामा हिंचका, कुणीतरी दमून टेकल्यासारखा, एकदाच करकरला.