खुराड्यातला दिवा

घड्याळजीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यांच्या मागे हातरुमालाएवढं अंगण. अंगणात पाच कोंबड्या. त्यांचा तोरा पाहून कुणालाही वाटावं, घर त्यांचं आणि घड्याळजी भाडेकरू. सगळ्यात जाड कोंबडीला त्याची बायको हेडमास्तरीण म्हणायची. दाणे टाकले की ती आधी बाकीच्या चौघींकडे रोखून बघायची आणि मगच पहिला दाणा टिपायची.

हिवाळा लागला, दिवस आखडला आणि अंडी बंद झाली. एरवी घड्याळजीने ते मनावर घेतलं नसतं. पण बायको दोन महिने अंथरुणाला खिळून होती आणि घरच्या कोंबडीच्या अर्धवट उकडलेल्या अंड्याखेरीज तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. बाजारच्या अंड्याचा तिला वासही सहन होईना. डॉक्टरांनी त्याला दाराबाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, पोटात काही गेलं तर हिवाळा निघेल, नाहीतर अवघड आहे.

दिवसाला चौदा तास उजेड मिळाला की कोंबडी थंडीतही अंडी देते, हे त्याला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. जादा उजेड मात्र पहाटे द्यायचा. संध्याकाळी दिवा एकदम विझला तर कोंबड्यांना अंधारात अजिबात दिसत नाही, बसायची दांडी सापडत नाही, आणि त्या रात्रभर खाली गारठत राहतात. घड्याळजीने खुराड्यात दिवा टांगला. विकतच्या टायमरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून जुन्या गजराच्या घड्याळाला बटण जोडून काटा साडेचारवर लावला.

बायकोला ते पटलं नाही. "वर्षातून एकदा त्या थांबतात," ती म्हणाली. "थांबू द्या की त्यांना."

"तू बरी हो. मग थांबतील."

पंधरा दिवसांत अंडी सुरू झाली. रोज पाचच्या पाच. बायकोच्या गालांवर रंग आला, ती उशीला टेकून विणायला लागली. डॉक्टरांनी घड्याळजीची पाठ थोपटली. त्याच्या जिवात जीव आला. रोज पहाटे पांघरुणातून तो खुराड्यातल्या बटणाचा टक् असा आवाज ऐकायचा आणि समाधानाने कूस बदलायचा. जन्मभर कानांनी घड्याळं तपासलेला माणूस, उठून दिवा बघावा असं त्याला कधी वाटलंच नाही.

एका पहाटे तो बॅटरी घेऊन सहज अंगणात गेला. टक् वाजून दहा मिनिटं झाली होती, तरी खुराडं काळंकुट्ट होतं. आतून मात्र पायांनी भुसा उकरल्याचा आवाज येत होता.

त्याने बॅटरी लावली. दिव्याच्या आतली तार तुटलेली होती. काचेवर धूळ होती आणि दिव्यापासून छतापर्यंत कोळ्याने जुनं, जाड जाळं विणलं होतं. त्या मिट्ट काळोखात पाचही कोंबड्या खाली उतरून दाणे टिपत होत्या. एकीचीही चोच चुकत नव्हती. बॅटरीचा झोत डोळ्यांवर पडला तरी हेडमास्तरणीने पापणी हलवली नाही.

खुराड्याच्या कोपऱ्यातल्या पेटीत पाच अंडी होती. गरम.

त्याने त्यातलंच एक बायकोसाठी उकडलं. काय करणार होता? नवा दिवा त्याने लावला नाही आणि कुणाला काही सांगितलंही नाही. दोन दिवसांनी घड्याळही काढून आणलं. अंडी येतच राहिली. एकदा त्याने हेडमास्तरणीला उचललं. पिसांचा फुगारा तसाच होता, पण हाताला रिकाम्या टोपलीइतकंही वजन लागलं नाही.

बायकोची झोप केव्हाच उडाली होती. आजारपणात असं होतं, असं तो आधी स्वतःला समजावत होता. आता तो घाबरला. त्याने तीन दिवस अंडी खड्ड्यात पुरली आणि तिला पेज दिली. पेज उलटून पडायची. झोप मात्र आली नाही ती नाहीच. चौथ्या दिवशी त्याने हात टेकले आणि पुन्हा अंडं उकडलं. तिने ते खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला जाग आली. खिडक्या बंद होत्या, स्वतःचा हातही दिसत नव्हता. पलीकडच्या खाटेवर विणायच्या सुया वाजत होत्या. एका लयीत, न अडखळता.

त्याला भरून आलं. तोंडात पांघरूण कोंबून तो आवाज न करता रडला.

सुया थांबल्या.

"रडू नका," ती म्हणाली. "आणि तो दिवा बंद करा ना आता. फार दिवस झाले हो. मला थांबू द्या."

"दिवा नाहीये गं कुठे."

"मग तुमचं तोंड कसं दिसतंय मला?"

तो भिंत चाचपत बटणापर्यंत गेला. खोलीत पिवळा उजेड पडला.

बायको ताठ बसली होती. मांडीवर विणकाम होतं, एकही टाका सुटलेला नव्हता. डोळ्यांवर तिने त्याचा काळा मफलर चार पदरी करून घट्ट बांधला होता.

तिने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"आता दिवे दोन झाले," ती म्हणाली.