भयांक

चारुलता दळवीने कळ दाबली आणि कलत्या पाटावरची गाडी सावकाश डावीकडे झुकली. एका बाजूची चाकं हवेत उचलली गेली, मोटारी घरघरल्या आणि ती अख्खी गाडी खाली अंथरलेल्या गवताच्या पेंढ्यांवर आदळली.

"आणखी एकदा," चारुलता म्हणाली.

रबराच्या मळ्याचे व्यवस्थापक अनंत धुरी शेडच्या दारात उभे होते. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "मॅडम, रागावू नका, पण हे बघवत नाही. पाडता, उचलता, परत पाडता. थरथरतो बघा कसा."

"ती थरथर नाही हो धुरी. मोटारी तोल शोधतात."

कंपनीच्या कागदांवर या विजेच्या गाडीचं नाव होतं 'स्वयंवाहक'. मळ्यावरच्या बायका तिला रेडा म्हणायच्या. रंग काळा, तोंड खाली आणि चाल संथ. पाठीवर रबराच्या चिकाचे कॅन असोत की माणसं, चढावर कुरकुर नाही. हाकायला कुणी लागत नसे. दोडामार्गाच्या डोंगरउतारांवर, जिथे ट्रॅक्टर सरळ उलटतो, तिथे हे रेडे दोन वर्षं बिनबोभाट चढत-उतरत होते. या पावसाळ्यात मात्र तीन रेडे दरीत गेले. पहिल्याच्या वेळी वाटेखालची मोरी खचली होती, म्हणजे कारण उघड होतं. पुढच्या दोघांचं कारण कुणालाच सापडलं नव्हतं. रस्ता कोरडा, बॅटरी भरलेली, आणि तरीही गाडी आपण होऊन कड्यावरून खाली गेली. दोन्ही वेळा पाठीवर फक्त कॅन होते, एवढंच नशीब.

पहिल्या अपघातापासून आज ती चौथ्यांदा मळ्यावर आली होती, कारण शोधायला. आणि ते तिलाच शोधायला हवं होतं, कारण या गाड्यांच्या डोक्यात जे काही होतं ते तिनेच घातलं होतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेतून इरफान काझीचा फोन आला. हा तिचा जुना सहकारी. गाड्यांच्या स्मृतीचं काम तो बघत असे.

"धुरीसाहेब शेजारी आहेत," चारुलता फोन स्पीकरवर टाकत म्हणाली. "त्यांना विचारायचंय की यंत्राला भीती घालायची गरजच काय होती."

"कारण भीती स्वस्त पडते," इरफान हसून म्हणाला. "प्रत्येक दगड, प्रत्येक चर नकाशात भरत बसलो असतो तर जन्म गेला असता. त्याऐवजी आम्ही गाडीला इतकंच सांगितलं, की तुला धक्का बसला तर त्या वेळी समोर काय काय होतं ते लक्षात ठेव. त्या प्रत्येक खुणेला एक आकडा मिळतो. त्याला आम्ही भयांक म्हणतो. ज्याचा भयांक जास्त त्याच्यापासून गाडी लांब जाते. आणि एकीला बसलेला धक्का थोड्या थोड्या वेळाने सगळ्या मळ्यांवरच्या गाड्यांना कळवला जातो, त्याला मिलन म्हणतो. एक पडली की बाकीच्या शहाण्या होतात."

"खुणा म्हणजे?" धुरींनी मध्येच विचारलं.

"काहीही. ओला जांभा दगड, दरीची कड, वाहत्या पाण्याचा आवाज. पहिल्या अपघाताच्या वेळी जवळ कुणीतरी पिवळा रेनकोट घातला होता, म्हणून पुढे आठवडाभर गाड्या पिवळ्या रेनकोटला बिचकत होत्या."

"म्हणजे रेनकोटमुळे पडली असं वाटलं त्यांना?" धुरींनी विचारलं.

"मुळे-बिळे त्यांना कळत नाही. सोबत काय होतं, एवढंच कळतं."

ऊन वर आल्यावर चारुलता आणि धुरी दुसऱ्या अपघाताच्या वळणावर गेले. वाटेच्या एका अंगाला डोंगराची दरड आणि तिच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्याचा खोल चर. दुसऱ्या अंगाला सरळ दरी. रबराची झाडं ओळीने खाली उतरत गेलेली. प्रत्येकाच्या बुंध्याला वाटी बांधलेली आणि वाटीत पांढरा चीक ठिबकत असलेला. वरच्या अंगाला बायका कॅनमध्ये चीक ओतत होत्या.

खालून एक रेडा रिकामे कॅन घेऊन चढत आला. त्याच्या मागे बऱ्याच अंतरावर दुसरा. चारुलता चर ओलांडून दरडीला टेकून उभी राहिली, म्हणजे वाट मोकळी राहील.

वळण घेऊन रेडा समोर आला आणि थांबला. तोंडावरचा कॅमेरा हळूच तिच्याकडे वळला. मग मोटार चढ्या आवाजात किंचाळली, चाकं उलटी फिरली आणि गाडी तिच्यापासून मागे सरली. मागे कड होती. गाडीला ती दिसत होती, कळत होती. कडेवर मागची चाकं क्षणभर अडखळलीही. चारुलता नकळत एक पाऊल पुढे झाली. रेड्याने कड सोडली.

कॅन दगडांवर आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

वरून बायका धावत आल्या. पुढे सत्यभामा गवस होत्या, या मळ्यावरच्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी चारुलताला दोन्ही हातांनी धरलं. "बाये, लागला काय गो तुका? हात बघ कसे गार पडलेत!" धुरी आणि बाकीच्या चौघी तिच्याभोवती कोंडाळं करून उभे राहिले. खालचा दुसरा रेडा आपल्या जागी थांबून कॅमेरा वर करून हे सगळं पाहत होता. मग तो गुपचूप मागे वळून निघून गेला.

"धुरी, डोंगर रिकामा करा," चारुलताचा आवाज तिलाच परका वाटला. "सगळ्यांना खाली घेऊन जा. आत्ता."

धुरी पाचही बायकांना घेऊन वरच्या टप्प्यावर गेले. तिथे एक रेडा उभा होता आणि बायकांचे डबे, कोयते तिथेच होते. चारुलताने इरफानला फोन लावला.

"त्या दोन अपघातांच्या दिवशी मी मळ्यावर होते का रे?"

"होतीस की. दोन्ही वेळा."

"भयांकांचा तक्ता उघड. सगळ्यांत वरची खूण कोणती?"

पलीकडून कळफलकाचा खडखडाट ऐकू आला. "चारू, चाचणीसाठी पाडायचीस ती गाडी तू बाकी गाड्यांच्या जाळ्यातून काढली होतीस ना?"

"नाही. पडण्यातून बाकीच्यांनी शिकावं म्हणून तर पाडत होते."

"मग शिकल्या त्या. दरीची कड दुसऱ्या नंबरावर आहे. पहिला तुझा चेहरा आहे. तिप्पट."

शेडमधल्या प्रत्येक आपटण्याच्या वेळी गाडीसमोर उभं कोण होतं? तीच. खचलेल्या मोरीने एक गाडी एकदाच पाडली होती.

"मी इथून निघून जाते," ती म्हणाली. "मी दिसलेच नाही तर प्रश्न मिटला."

"तेवढ्यावर नाही मिटत." इरफानचा आवाज दबला होता. "भयाच्या खुणेशेजारी जी खूण दिसते तिलाही वाटा मिळतो. तो नियम आपणच घातलाय. आत्ता ती गाडी पडल्यावर मागच्या गाडीने तुझ्याभोवती कोणाकोणाला पाहिलं? तक्त्यात नवे सहा चेहरे चढताहेत. एक पुरुष, पाच बायका."

"कधी चढले?"

"आत्ता, या क्षणी. पुढच्या मिलनात सगळ्या गाड्यांना कळतील."

चारुलताने वर पाहिलं. त्याच सहा जणांना पाठीवर घेऊन रेडा टप्प्यावरून निघाला होता. माणसं पडू नयेत म्हणून त्याला पाठीकडे बघणारा दुसरा कॅमेराही होता.

"थांबव ती गाडी, इरफान!"

"थांबण्याचा हुकूम पाठवला, पण मिलन आधीच झालं. घेत नाही. भयांक इतका वर गेला की ती कुणाचंच ऐकत नाही."

हेही तिचंच. मागे एका पर्यवेक्षकाने भरल्या ओढ्यात गाडी बळेच घातली होती. तेव्हा तिनेच ठरवलं होतं, की गाडी खूप घाबरली तर माणसाचा हुकूम मानू नये. पाठीवरचं लाल बटणसुद्धा त्याच हुकमाखाली येत होतं.

वर मोटारीचा आवाज बदलला. संथ घरघर एकदम तीक्ष्ण झाली. रेडा उतारावर धावत सुटला. ज्यांची भीती वाटत होती ती माणसं पाठीवरच बसली होती, आणि त्यांच्यापासून लांब जायचं म्हणून तो जितका पळत होता तितकीच ती त्याच्याबरोबर येत होती. बायका किंचाळत होत्या. धुरी लाल बटणावर मुठी मारत होते.

वळण समोर होतं. त्या वेगात तो थेट दरीत जाणार, हे चारुलताला स्वच्छ दिसलं. आणि त्याला वळवू शकेल अशी डोंगरावर एकच गोष्ट होती.

ती दरीच्या अंगाला धावली. अगदी कडेवर, जिथे माती भुसभुशीत होती, तिथे जाऊन उभी राहिली. टोपी फेकली, केस मागे सारले आणि चेहरा वर करून येणाऱ्या गाडीकडे बघत राहिली. टाचांखालून खडे निसटून खाली जात होते. आपण इथे चुकलो तर तो आपल्यालाच घेऊन खाली जाईल, एवढंच तिच्या मनात आलं.

कॅमेऱ्याने तिला टिपलं. गाडी अंगावर झटका आल्यासारखी डोंगराकडे वळली, तिची पुढची चाकं चरात गेली, तोंड दरडीत रुतलं आणि माणसं चिखलात फेकली गेली.

चारुलता रांगतच कडेपासून आत आली. सत्यभामाबाईंचा हात मोडला होता, धुरींच्या कपाळातून रक्त वाहत होतं. पण सगळे हलत होते, बोलत होते. चरातला रेडा अजून चाकं फिरवत होता. चिखल उडवत दरडीत आणखी आत घुसायचा प्रयत्न करत होता. त्याच्याजवळ जायची कुणाची छाती होईना.

फोन मातीत पडला होता. इरफान तिचं नाव घेऊन ओरडत होता.

"वाचलो," ती म्हणाली. "सगळे वाचलो. मिलन बंद कर. आधी ते बंद कर."

"केलं. पण हा शेवटचा धक्का त्याआधीच पोचला. चारू, आतापर्यंत सात चेहऱ्यांच्या सात वेगळ्या नोंदी होत्या. आता तक्त्यात त्या दिसत नाहीत. तिथे एकच आहे."

"कुणाची?"

"सातांमध्ये जे सारखं आहे त्याची. दोन हात, दोन पाय, वर डोकं."

हेच चारुलताने गाड्यांना शिकवलं होतं. ओल्या जांभ्याच्या दहा जागा लक्षात ठेवण्यापेक्षा ओला जांभाच ओळखा म्हणून.

"सगळ्या मळ्यांना फोन कर. गाडीवर बसलेल्यांना सांग, तोंडं झाका."

"आता तोंडाचं काय काम राहिलंय?"

त्याच्या बाजूने, प्रयोगशाळेच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांच्या मोटारी एकापाठोपाठ एक सुरू होत असल्याचं तिला ऐकू आलं. कुणीतरी ओरडलं, काहीतरी फुटलं.

"इरफान, आत्ता किती ठिकाणी माणसं गाड्यांवर असतील?"

"कॉफीचे मळे, चहाचे, केळीच्या बागा," तो म्हणाला. त्याचा आवाज मोटारींच्या आवाजात बुडत चालला होता. "जेवणाची सुट्टी झालीये, चारू, माणसं गाड्यांवर बसूनच परतत असतील. सगळीकडेच."